काखेत कळसा

सप्टेंबरात कासच्या पठारावर जाणारी बहुतेक माणसं रंगीत गालिच्याचे फोटो काढून परततात. गुडघ्यावर बसून जमिनीलगत पाहणारा एखादाच असतो. त्याला दवबिंदू नावाची वनस्पती दिसते. बोटभर उंची, लालसर पानं आणि पानांवरच्या प्रत्येक केसाच्या टोकाशी चकाकणारा एक थेंब. ऊन चढलं तरी हा थेंब सुकत नाही, कारण ते दव नव्हेच. तो चिकट स्राव आहे. एखादं चिलट त्यावर बसलं की अडकतं, सुटायला धडपडतं आणि त्या धडपडीनंच आजूबाजूचे केस त्याच्यावर वाकतात. मग पानातून पाचक रस पाझरतो आणि काही दिवसांनी चिलटाचं नुसतं टरफल उरतं. जवळच्या ओलसर जागी निळ्या-जांभळ्या फुलांचे ताटवे असतात. ही सीतेची आसवं. नाव करुण असलं तरी चिखलात दडलेल्या भागावर या वनस्पतीनं बारीक पिशव्या लावून ठेवलेल्या असतात. सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. या सगळ्याला सेकंदाचा हजारावा भाग पुरतो.

झाडानं प्राणी का खावा? भुकेपोटी, असं उत्तर पटकन सुचतं आणि ते चुकीचं आहे. ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांतून या वनस्पती आपली साखर इतर झाडांसारखीच बनवतात. जेवणाची सोय त्यांच्याकडे आहे. नाही ते नत्र, म्हणजे नायट्रोजन. कासचं पठार जांभ्या खडकाचं आहे. त्यावर मातीचा थर जेमतेमच, आणि पावसाळाभर इतकं पाणी कोसळतं की मातीत विरघळलेलं नत्र असेल तेही कड्यावरून खाली जातं. किड्याच्या शरीरात प्रथिनं असतात आणि प्रथिनांत नत्र असतं. दवबिंदूचं पान शिकार करतं ते खतासाठी.

आता यातली विसंगती पाहा. ज्या हवेत हे पान हलतं आहे, तिचा ७८ टक्के भाग नायट्रोजनच आहे. हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि सोडून दिलं. वजनाचा हिशेब केला तर ते इतक्या सहज सुटत नाही. समुद्रसपाटीला जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे दहा टन हवा उभी असते, आणि तिच्यात पावणेआठ टन नायट्रोजन असतो. म्हणजे एका गुंठ्याच्या डोक्यावर जवळजवळ आठशे टन. त्या गुंठ्यात लावलेल्या ज्वारीला अख्ख्या हंगामात नत्र लागतं ते जेमतेम किलोभर, आणि तेवढ्यासाठीही शेतकऱ्याला खताच्या दुकानासमोर उभं राहावं लागतं.

नत्रावाचून इतकं अडतं तरी काय? साखर, पिठूळ पदार्थ, तेल, तूप यांत नायट्रोजनचा एकही अणू नसतो. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या तिघांवर त्यांचं भागतं. हे सगळं इंधन. पण इंधन जाळून काम करणारी यंत्रणा उभी करायची तर नायट्रोजनला पर्याय नाही. प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात आणि त्यातल्या प्रत्येकात नायट्रोजन असतो. स्नायू, रक्तातलं हिमोग्लोबिन, अन्न पचवणारी विकरं ही सगळी प्रथिनंच. डीएनएची चार अक्षरं नायट्रोजनयुक्त आहेत. पानातल्या हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला चार नायट्रोजन अणूंनी धरून ठेवलेलं असतं. म्हणून नत्र कमी पडलं की पीक पिवळं पडतं, आणि तेही खालच्या, जुन्या पानांपासून. झाड जुनी पानं मोडीत काढून त्यांतलं नत्र कोवळ्या शेंड्याकडे पाठवतं. साठ किलोच्या माणसाच्या शरीरात नायट्रोजन भरतो दोन किलोच्या आसपास. वजनात तीन टक्के, पण ते काढून घेतले तर मागे पाणी, चरबी आणि हाडांतला चुना एवढंच उरेल.

नायट्रोजन आणि प्रथिनं यांची जोडी इतकी पक्की आहे की आपण एकाच्या मापानं दुसरं मोजतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यानं १८८३ साली धान्यातला नायट्रोजन मोजायची पद्धत बसवली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ नं गुणायचं, की प्रथिनं मिळाली. पाकिटांवरचा प्रथिनांचा आकडा आजही बऱ्याचदा याच गुणाकारातून येतो. पद्धत सोपी आणि तिच्यातली फटही तेवढीच सोपी, कारण नायट्रोजन कुठून आला हे चाचणी विचारत नाही. चीनमध्ये २००८ साली पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळल्याचं उघड झालं. मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातलं रसायन, त्याच्या वजनाचा दोनतृतीयांश भाग नायट्रोजन. चाचणीत दूध प्रथिनांनी भरलेलं दिसत होतं. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, अनेकांच्या मूत्रपिंडात खडे झाले आणि सहा अर्भकं दगावली. आपल्याकडे भेसळीच्या दुधात युरिया सापडतो त्यामागेही हीच अक्कल आहे.

मग हवेतला नायट्रोजन थेट का घेता येत नाही? हवेत त्याचे अणू जोडीजोडीनं असतात आणि प्रत्येक जोडीत तिहेरी बंध असतो. निसर्गातल्या सर्वांत चिवट बंधांपैकी हा एक. ऑक्सिजनची जोडी तोडायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या जवळजवळ दुप्पट इथे लागते. प्रत्येक श्वासासोबत आपण नायट्रोजन आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो. तो कशातच भाग घेत नाही. एका परीनं बरंच आहे, नाहीतर वणवे विझलेच नसते. पण सजीवांच्या दृष्टीनं हा साठा कुलूपबंद आहे. विजेचा कडकडाट हे कुलूप थोडंफार उघडतो. कडाडणाऱ्या विजेच्या वाटेत हवा इतकी तापते की नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि पावसाबरोबर नायट्रेटच्या रूपानं जमिनीवर उतरतात. मृगाच्या पावसानं रान एकदम हिरवं होतं त्याचं सगळं श्रेय मात्र विजेला देऊ नये. तिचा वाटा लहान आहे. खरं काम जिवाणू करतात.

भुईमुगाचं किंवा चवळीचं रोप फुलावर असताना मुळासकट उपटावं. मुळांवर मोहरीएवढ्या, कधी त्याहून मोठ्या गाठी दिसतात. एखादी नखानं फोडली तर आत गुलाबी-लाल रंग दिसतो. झाडाच्या मुळात हा रंग आला कुठून? गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं ते चुलत भावंडच, आणि कामही तेच, ऑक्सिजन पकडून ठेवणं. त्याची गरज मात्र वेगळ्या कारणानं पडते. गाठीत राहणाऱ्या रायझोबियम जिवाणूंकडे नायट्रोजिनेज नावाचं विकर आहे. लोह आणि मॉलिब्डेनम पोटात बाळगणारं हे विकर मातीच्या साध्या तापमानाला तो तिहेरी बंध तोडतं आणि अमोनिया बनवतं. पण ऑक्सिजन लागला की ते कायमचं निकामी होतं. इकडे जिवाणूला श्वासासाठी ऑक्सिजन तर हवाच. म्हणून लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन मोकळा सुटू देत नाही, जिवाणूला लागेल तेवढाच पोचवतं. गाठ आतून हिरवट किंवा करडी निघाली तर समजावं की काम थांबलं आहे.

ही सोबत फुकटची नाही. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, म्हणजे एटीपीचे, निदान सोळा रेणू खर्ची पडतात. ही ऊर्जा झाड आपल्या साखरेतून पुरवतं. भाडेकरू भाडं देतो तसा जिवाणू अमोनिया देतो, आणि घरमालकही पक्का हिशेबी असतो. जमिनीत नत्र आयतं मिळालं की झाड गाठी कमी करतं. म्हणून हरभऱ्याला किंवा सोयाबीनला सुरुवातीच्या थोड्या मात्रेनंतर युरिया ओतणं म्हणजे खत वाया घालवून वर जिवाणूंनाही घरी बसवणं. शिवाय पिकांच्या प्रत्येक गटाचा जिवाणू निराळा. हरभऱ्याचा सोयाबीनला चालत नाही. सोयाबीन आपल्या मातीत नवखं होतं, त्याचे सोबती इथे पुरेसे नव्हते. पेरणीपूर्वी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळतात ते यासाठी.

कडधान्यांशिवाय इतरांनीही ही सोय करून घेतली आहे. कोकणच्या किनाऱ्यावर निव्वळ वाळूत सुरूची झाडं उंच वाढतात, कारण त्यांच्या मुळांवर फ्रँकिया नावाच्या जिवाणूच्या गाठी असतात. भाताच्या खाचरातल्या साचलेल्या पाण्यात निळं-हिरवं शैवाल हेच काम करतं. पी. के. डे यांनी १९३९ साली भारतातल्या भातखाचरांच्या अभ्यासातून हे दाखवून दिलं. खत न घालता शतकानुशतकं त्याच खाचरात भात कसा पिकतो, या जुन्या कोड्याचा बराचसा उलगडा त्यातून झाला.

शास्त्रज्ञांना गाठींचं रहस्य कळायला १८८६ साल उजाडलं. जर्मनीत हेलरीगल आणि विल्फार्ट यांनी दाखवलं की वाटाण्याच्या वर्गातली पिकं हवेतलं नत्र घेतात, तेही मातीतल्या जंतूंच्या मदतीनं. दोन वर्षांनी हॉलंडच्या बायरिंकनं तो जिवाणू वेगळा काढला. विदर्भातल्या शेतकऱ्यानं यातलं काही वाचलेलं नव्हतं. तरीही कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीचं एक तास तो पेरतच आला. रायगडात भात कापला की त्याच ओलीवर वाल पेरला जातो. अर्थात यातलं बरंचसं नत्र दाण्यांतून घरी येतं. जमिनीला राहतं ते मुळांतलं आणि गळलेल्या पानांतलं, आणि पानं ढाळण्यात तुरीचा हात कोणी धरू शकत नाही. दाण्यांतून घरी आलेलं नत्र ताटात पुन्हा धान्याला भेटतं. ज्वारी-तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळींत मेथिओनिन कमी. वरण-भात किंवा भाकरी-पिठलं एकत्र खाल्लं की दोघांची उणीव भरून निघते.

झाडानं किंवा प्राण्यानं वापरलेलं नत्र मरणानंतर मातीत परत येतं. शेणामुतातलं, पालापाचोळ्यातलं नत्र कुजताना अमोनिया होतो, दोन वेगळ्या टोळ्यांचे जिवाणू आधी त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि मुळं ते पुन्हा उचलतात. काही जिवाणू पाणथळ, गुदमरलेल्या मातीत नायट्रेटचा पुन्हा वायू करून हवेत सोडून देतात. चक्र असं पूर्ण होतं. पण चक्रात फिरणारी एकूण रक्कम तुटपुंजी होती आणि माणसांची संख्या तिच्याच आवाक्यात राहत होती.

एकोणिसाव्या शतकात युरोपानं ही रक्कम बाहेरून आणायला सुरुवात केली. पेरूच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर साठले होते, ते खणून जहाजांनी नेले. मग चिलीच्या वाळवंटातला सोरा. त्याआधी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा बिहारमधून जायचा. तिथे गावांतली खारी माती धुऊन तो काढत. १८९८ साली ब्रिस्टलच्या सभेत विल्यम क्रूक्स यांनी इशारा दिला की चिलीचे साठे संपतील आणि गहू खाणाऱ्या जगावर उपासमारीची वेळ येईल. हवेतलं नत्र बांधायची युक्ती रसायनशास्त्रज्ञांनी शोधलीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. नत्राचा तुटवडा त्यांनी अचूक हेरला होता. गहू खाणारे तेवढे सुसंस्कृत, हा त्यांचा सूर मात्र तेव्हाही हास्यास्पद होता.

युक्ती सापडली जर्मनीत. कार्ल्सरुहे इथे फ्रिट्झ हाबर यानं २ जुलै १९०९ रोजी बीएएसएफ कंपनीच्या माणसांसमोर नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनियाचे थेंब पाडून दाखवले. पाचशे अंशांच्या वर तापमान, वातावरणाच्या दोनशेपटीच्या घरातला दाब आणि ऑस्मियम हा दुर्मीळ धातू एवढा सरंजाम त्यामागे होता. टेबलावरच्या उपकरणाचा कारखाना केला कार्ल बॉश यानं, आणि माझ्या मते अवघड काम ते होतं. ऑस्मियमऐवजी स्वस्त लोहखनिज चालतं हे हजारो चाचण्यांनंतर आल्विन मिटाश यानं शोधलं. पण पोलादाची भांडी फुटत होती. दाबाखालचा गरम हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन खाऊन टाकतो आणि पोलाद ठिसूळ होतं. बॉशनं आतून कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर दिलं आणि बाहेरच्या पोलादी कवचाला बारीक भोकं पाडली. अस्तरातून झिरपणारा हायड्रोजन भोकांतून निघून जायचा, पोलाद शाबूत राहायचं. १९१३ च्या सप्टेंबरात ओपाऊचा कारखाना सुरू झाला.

वर्षभरात महायुद्ध पेटलं. ब्रिटिश नौदलानं चिलीचा सोरा अडवला, तेव्हा खतासाठी उभारलेला हा कारखाना स्फोटकांच्या कामाला लागला. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या आघाडीवर सोडलेल्या क्लोरीनच्या विषारी ढगाची आखणी हाबरनंच केली होती. १९१८ चं रसायनशास्त्राचं नोबेलही त्यालाच मिळालं. एकाच माणसानं इतक्यांच्या पोटाची सोय करावी आणि इतक्यांच्या श्वासाचा घात करावा, असं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

अमोनियाचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग केला की युरिया मिळतो. युरियाची स्वतःची कथाही सांगण्याजोगी आहे. सजीवांतले पदार्थ बनवायला काही प्राणशक्ती लागते, असं एकेकाळी मानलं जाई. १८२८ साली फ्रीडरिश व्हलर यानं अमोनियम सायनेट तापवलं आणि हाती आला तो मूत्रात सापडणारा युरिया. मूत्रपिंडाची गरजच पडली नाही. त्या एका प्रयोगानं प्राणशक्तीची कल्पना लगेच मेली नाही, पण तिचा धाक संपू लागला. तोच युरिया आज अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून बनतो आणि ४५ किलोच्या गोणीत गावोगावी पोचतो. गोणीत ४६ टक्के, म्हणजे जवळजवळ २१ किलो नत्र. जगातली निम्म्याच्या आसपास माणसं आज या कृत्रिम नत्रावर पोसली जातात असा अंदाज आहे. तुमच्या-माझ्या स्नायूंतलाही नायट्रोजनचा मोठा हिस्सा कोणत्या तरी कारखान्याच्या भट्टीतून आलेला आहे. साठच्या दशकात आलेले बुटके गहूही याच नत्रासाठी घडवलेले. जुना उंच गहू जास्त खत दिलं की ओंबीच्या भारानं लोळायचा.

मुबलकता आली आणि तिच्या बरोबर नवीच भानगड. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संस्थेत १८५६ पासून गवताच्या एका कुरणाचे पट्टे पाडून प्रयोग चालू आहे. खत न दिलेल्या पट्ट्यांत चाळीसच्या आसपास जातींच्या वनस्पती नांदतात. वर्षानुवर्षं भरपूर अमोनियम सल्फेट मिळालेल्या आणि चुना न मिळालेल्या पट्ट्यांत दोन-तीन जाती उरल्या. नत्र मिळालं की झपाट्यानं वाढणारी दांडगी गवतं बाकीच्यांचं ऊन अडवतात, आणि अमोनियम खतानं माती आम्ल होते तेही सगळ्यांना झेपत नाही. ज्या जमिनीला आपण निकृष्ट म्हणतो, तिच्या निकृष्टपणावरच अनेक जातींचं घर उभं असतं. कासवर कोणी युरिया फेकला तर दवबिंदू बाळसं धरणार नाही, तो नाहीसा होईल.

शेतात टाकलेल्या नत्रापैकी पिकाच्या पोटात जातं निम्म्याहून कमी. उरलेलं अमोनिया होऊन उडतं, नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं, किंवा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. २०१५ पासून देशातला युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच विकला जातो. या लेपामुळे नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात आणि नत्र जरा जास्त दिवस जमिनीत टिकतं. उपाय चांगला, पण अर्धा. स्फुरद-पालाशापेक्षा युरिया इतका स्वस्त ठेवला आहे की शेतकऱ्याचा हात त्याच गोणीकडे जाणार, आणि त्याबद्दल शेतकऱ्याला व्याख्यान देण्यात अर्थ नाही. किमती ठरवणारे दुसरे आहेत.

आणि पिकात गेलेलं नत्र तरी कुठे थांबतं? मोठ्या माणसाच्या शरीरात नत्र साठत नाही. रोज जेवढं खातो साधारण तेवढंच, दहा-बारा ग्रॅम, बाहेर टाकतो, बहुतेक मूत्रातून आणि तेही युरियाच्याच रूपात. पूर्वी ते गावाच्या मातीत जिरायचं. आता ते गटारात जातं. मराठवाड्यातल्या तुरीतलं, पंजाबातल्या गव्हातलं नत्र पुण्याच्या लाखो स्वयंपाकघरांतून मुळा-मुठेत उतरतं. त्यातलं जे शुद्धीकरणात निघत नाही ते, साबणातल्या आणि मैल्यातल्या स्फुरदासह, जलपर्णीला पोसतं. तिची पानं कुजली की कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात आणि मासे पोट वर करून तरंगतात. जलपर्णी काढण्यावर दरवर्षी खर्च होतो आणि ती दरवर्षी परत येते. खुराक चालू ठेवून दुसरं काय होणार?

मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात थांबते. त्या फुगवट्याचं पाणी उन्हाळ्यात हिरवंगार होतं. तेच पाणी कालव्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या उसाला जातं. पाण्यातून नत्र येतंच असतं. किती येतं हे मोजून तेवढी मात्रा कमी करण्याची पद्धत तिकडे रूढ नाही. उसाला युरिया नेहमीच्याच मात्रेनं पडतो.